कोपरांवरचं लेकरू

त्या एप्रिलात, रोज दुपारच्या सुटीत, लकडगंजातल्या मिरचीच्या गोदामात एका आईवर अन्याय होत होता. मी मजुरांच्या आरोग्याची पाहणी करायला गेलो, तेव्हा ती लाल मिरचीचे देठ खुडत बसली होती. सुटी झाली आणि सासू तिची तान्ही मुलगी घेऊन आली. बाईनं मुठी आवळून दूर वळवल्या आणि लेकीला दोन कोपरांत अलगद तोलून घेतलं. पोरगी आईचं बोट धरायला धडपडत होती.

"कोपरानंच मोठी करशीन का वं इले?" शेजारीण म्हणाली. लेकराची आई खळखळून हसली.

"कामाचा त्रास काय होतो?" मी विचारलं.

"हात जळते, त्याची सवय झाली गा भाऊ. पन घरी जाऊन साबनानं हात धुवोस्तोवर हे पोरगी झोपून जाते. जागेपनी इले हात लावनं होतच नाही."

नळ गोदामातच होता. त्याचं पाणी दिवसभर गोदामाच्या मालकाच्या, शेठजींच्या कूलरला जाई. बायांना त्यावर हात धुवायची मनाई होती.

तिखट तुमच्याही घरी येतं. पुढच्या वेळी दुकानदाराला भाव नंतर विचारा. आधी विचारा, मिरची खुडणाऱ्या बाईला हात धुवायला पाणी न् साबण देतात का? नाही म्हणाले, तर रिकामी पिशवी घेऊन परत फिरा.