पावसाळा वगळून

कुठलाही आलेख समोर आला की जाधव मॅडम आधी त्याचा वरचा भाग तळहाताने झाकून टाकायच्या. बाकीचं जग सगळ्यात उंच खांब बघतं, त्या तळाशी बघत. आकडे शून्यापासून सुरू होतात की मधूनच कुठून, खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय, हे वाचून झालं की मगच हात बाजूला व्हायचा. "भूत कशावरनं वळखतात गं?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, पायांवरून, उलटे असतात. "मग ह्येबी तसंच वळखायचं. आदी पाय बघ. तोंड काय, सगळ्यांचंच गोड असतंय."

मॅडम खालापूरला राहायच्या आणि एमबीएच्या प्रवेश परीक्षेतला डेटाचा विभाग शिकवायच्या. तेवढाच. तक्ते, आलेख, आणि 'दिलेली माहिती पुरेशी आहे का' या जातीचे प्रश्न. घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला फळा, आणि टोलनाक्याकडून दिवसभर येणारा ट्रकांचा आवाज. शिकवताना त्या पुस्तकी मराठी बोलत आणि राग आला की खालापूरची. राग बहुतेक वेळ आलेलाच असे, त्यामुळे पुस्तकी मराठी माझ्या वाट्याला फारशी आली नाही.

हा राग एकाच माणसावरचा होता. भास्कर सरांवरचा. खोपोलीत शिळफाट्यावर सरांचा मोठा क्लास होता आणि मॅडमनी उमेदीची सगळी वर्षं तिथे घातली होती. डेटाचे प्रश्नसंच त्यांनी एकटीने रचले, ते छापून आले सरांच्या नावाने, वर सरांचा हसरा फोटो. तेही मॅडमनी गिळलं. मग एका सत्कार समारंभात सरांनी पाहुण्यांना ओळख करून दिली, "या आमच्या जाधवबाई, चहापाण्याचं बघतात." मॅडमनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि तशाच पायऱ्या उतरून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सर पालकांना सांगू लागले की बाईंना शिकवणं जमेना, मुलं तक्रार करत होती, म्हणून काढून टाकलं. आमच्या भागात असलं वाक्य घरोघर पोचायला वेळ लागत नाही. मॅडमकडे मुलं येईनाशी झाली.

शेजारपाजारचे समजूत घालत, झालं गेलं, सोडून द्या आता. मॅडम फणकारायच्या. "मी काय सोडू? माजं नाव त्यानं धरून ठेवलंय. सोडायचं तर त्यानं सोडावं."

मी भिवपुरीची. कर्जतला नोकरी करता करता परीक्षेची तयारी करत होते आणि मीही आधी सरांकडेच गेले होते. मोफत चाचणी होती. डेटाच्या विभागात माझी पार दाणादाण उडाली. सरांनी निकालाचा कागद सगळ्यांदेखत वर धरला, माझं नाव वाचलं, मग आडनाव वाचलं, आणि तिथे त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "बाळ, डेटा हा डोक्याचा खेळ आहे. तुमच्याकडची मुलं मेहनती असतात, ते मी मानतो. तू तलाठ्याच्या परीक्षेला बस." तुमच्याकडची म्हणजे भिवपुरीची नव्हे, हे मला कळलं. मागच्या बाकांवर दोघंतिघं हसली, त्यांनाही कळलं असावं. मी कागद हिसकावून घेतला आणि रिक्षा करून थेट खालापूर गाठलं, कारण जाधवबाईंना सरांनी काढलंय एवढं मी ऐकून होते.

"एमबीए कशापायी करायचंय?" मॅडमनी विचारलं. करिअरबिरिअर काहीतरी सांगायचं मनात होतं, पण तोंडातून खरं तेच निघालं. म्हटलं, भास्कर सरांची जिरवायची आहे. मॅडम हसल्या. पुढे त्यांचं हसणं मी मोजकंच पाहिलं. "बस खाली," त्या म्हणाल्या. "कारण पुरेसं हाय."

त्या विभागातला मुख्य प्रश्न असा असतो. एक प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात आणि विचारतात, एवढ्यावरून उत्तर निघतं का? उत्तर काढायचंच नसतं. मला ते सोसायचं नाही, मी हिशेब करत सुटायचे. मॅडम पेन काढून घ्यायच्या. "उत्तर नको सांगूस. उत्तर निघतं का, त्येवडं सांग." मनाने काही गृहीत धरलं तर त्याहून वाईट. "ह्ये तुला कागदानं सांगितलं का तुज्या मनानं? मनाचं मनात ठेव." एकदा त्यांनी मला खालापूरच्या बस थांब्यावर नेऊन बंगल्यांच्या प्लॉटची जाहिरात दाखवली. 'कर्जत स्टेशनपासून पाच मिनिटांवर.' मी म्हटलं, खोटं आहे. "खोटं कशावरनं? कशानं पाच मिनटं, त्ये लिवलंय का? इमानानं आसंल." शेजारी उभा असलेला म्हातारा खो खो हसला. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "माहिती अपुरी," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

परीक्षा झाली. डेटाच्या विभागात मला जे गुण पडले त्यावर माझाच विश्वास बसेना. आणि मग शिळफाट्यावर तो फ्लेक्स लागला.

आमच्याकडे निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, मग मूल कुणाकडे का शिकलेलं असेना. या फ्लेक्सवर मधोमध माझा फोटो होता, मोफत चाचणीच्या वेळी काढून घेतलेला. 'आमची गुणवंत विद्यार्थिनी. हार्दिक अभिनंदन!' बाजूला हात जोडलेले सर, आणि क्लासचं यश वर्षागणिक कसं वाढतंय याचा भलामोठा आलेख, शेवटचा खांब पार आभाळाला टेकलेला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मॅडमना बोलावून आणलं.

भर बाजारात, रिक्षा आणि एसटीच्या गर्दीत, मॅडम फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. एक डोळा मिटला, हात लांब करून फ्लेक्सचा वरचा भाग तळव्याआड घेतला आणि खालचं वाचू लागल्या. मग मटकन थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तो आलेख त्यांचाच होता. जुन्या प्रश्नसंचात मुलांना फसवण्यासाठी त्यांनी मुद्दाम काढलेला. कर्जतच्या फार्महाउसमधल्या शेकडा किती खोल्या भरतात त्याचा. आकडे नव्वदपासून सुरू केलेले, म्हणजे एवढीशी वाढही डोंगराएवढी दिसावी. सरांनी तो संच कधी वाचलाच नव्हता. खांब चढते दिसले म्हणून उचलून फ्लेक्सवाल्याला दिले, वरचं शीर्षक तेवढं बदलून घेतलं. फ्लेक्सवाल्याने दिलं तसं छापलं. खाली, पायाशी, मॅडमची बारीक टीप तशीच राहिली होती: 'पावसाळा वगळून'.

"येडा रं येडा," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पाय नाय बघितलं त्यानं."

दोन दिवसांनी सरांचा मला फोन आला, गुणवंतांचा सत्कार आहे, ये, चार शब्द बोल. मला सगळंच बोलायचं होतं, ट्रे, 'चहापाण्याचं बघतात', 'तुमच्याकडची मुलं', सगळं. मॅडमनी मला गप्प केलं. "खरं आसंल, पन त्ये फ्लेक्सवर नाय. वरनं एक शब्द घालायचा नाय. जेवडं दिलंय तेवड्यातच मार." त्या स्वतः आल्या नाहीत. आले तर म्हणेल हिनंच शिकवून पाठवलं, असं म्हणाल्या.

सभागृह भरलेलं होतं. मागे तोच फ्लेक्स टांगलेला. सरांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढे केला. मी म्हटलं, भाषण येत नाही, एक प्रश्न विचारते. ही मुलगी या क्लासमध्ये शिकली का? विधान एक, तिचा फोटो या क्लासच्या फ्लेक्सवर आहे. विधान दोन, ती एकदा या क्लासमध्ये येऊन चाचणी देऊन गेली. उत्तर निघतं का?

सरांची मुलं रोज हेच प्रश्न सोडवत होती आणि मॅडमच्याच संचांमधून सोडवत होती. समोरच्या रांगेतून सवयीने चारपाच आवाज एकदम आले, "दोन्ही मिळूनही अपुरी!" मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मी म्हटलं, तिसरं विधान देते. तिला खालापूरच्या जाधव मॅडमनी शिकवलं, आणि ती ते स्वतः सांगतेय. आता? या वेळी मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आता निगतंय की!" शेवटी मी आलेखाकडे बोट केलं आणि टीप मोठ्याने वाचायला सांगितली. अख्ख्या सभागृहाने एका सुरात वाचली. एका पालकांनी उभं राहून विचारलं, "सर, पावसाळ्यात काय मुलं नापास होतात व्हय?" हसण्याच्या त्या लाटेत सर माइकवर काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही.

खालापूरला पोचले तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं. "टीप वाचली तवा त्यो कुटं बघत होता?"

"आपल्या बुटांकडे."

"आपलं पाय बघितलं तर एकदा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यानंतर त्यांच्या ओट्यावर चपलांना जागा पुरेना. नाव सुटलं होतं. सरांना मात्र त्यांनी माफ केलं नाही, मीही नाही. माफी मोठ्या मनाच्या लोकांनी करावी. आम्हाला झोप छान लागत होती.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येताना शिळफाट्यावर उतरले तर समोर फ्लेक्स. मॅडमचा फोटो, साडी नीट लावलेली, नजर तशीच. 'भावपूर्ण श्रद्धांजली. प्रा. सुजाता जाधव. हजारो विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक.' मला भरून आलं. इतक्या मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव मी कधी पाहिलं नव्हतं. मग सवयीने हात वर गेला, वरचा भाग झाकला, आणि मी पाय पाहिले. 'शोकाकुल: भास्कर सर आणि समस्त क्लास परिवार. आमच्या यशाचा आधारस्तंभ हरपला.' शेजारी हात जोडलेले सर, आणि प्रवेश सुरू असल्याची सूचना, फोन नंबरासकट.

रडू तिथल्या तिथे आटलं. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे मी कोयता मागितला. "काय कापायचंय, ताय?" त्याने विचारलं. मी फ्लेक्सकडे बोट करून म्हटलं, पाय. त्याने फ्लेक्स वाचला, माझ्याकडे पाहिलं, कोयता फडक्याला पुसून दिला आणि फ्लेक्सची खालची कड ताणून धरायला स्वतः आला. भर सकाळी, लोक बघत असताना, आम्ही खालची पट्टी सरळ कापून काढली. वर मॅडम आणि त्यांचं नाव, एवढंच राहिलं. पुढे कितीतरी दिवस ते तसंच होतं.

पट्टी मी गुंडाळून घरी आणली. फ्लेक्सचं कापड भलतंच चिवट असतं. भिवपुरीच्या आमच्या घराच्या दारात ती अंथरलेली आहे आणि येणारा-जाणारा सरांवर पाय पुसून आत येतो. बाराही महिने, पावसाळा धरून.