पोळ्या लाटता लाटता इंग्रजी

लग्नानंतर बायको मॅट्रिकला बसली, तेव्हा सगळी धास्ती इंग्रजीची होती. कोणतं काम कशासाठी करतो, हे सांगणारी पुस्तकातली वाक्यं तिच्या लक्षात राहीनात. म्हणून मी नियम केला: हातातलं काम कशासाठी चाललंय, ते तिनं इंग्रजीत बोलायचं. स्टोव्ह चहासाठी पेटवते, कणीक पोळ्यांसाठी भिजवते.

आईच्या बोलीत 'कशासाठी' म्हणजे 'काहून'. आई विचारायची, "काहून वं, पोळ्याबी इंग्रजीतच लाटून राहिली का?"

"हो आत्याबाई, नापास होऊ नये म्हणून," असं म्हणून ती तेही इंग्रजीत सांगून टाकायची.

पहिल्याच खेपेला ती पास झाली. नंदनवन वस्तीतल्या शेजारणींना पेढे देताना आई म्हणाली, "माह्या सुनेले कोणत्याबी कामाचं काहून इचारा, इंग्रजीत सांगते." पेढे मी आणले होते, वाटायला मात्र आईनं मला एकही दिला नाही.