वाचनालयातली माझी चाळीस मिनिटं

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. म्हणजे आमच्या मानवत गावात सगळ्यांना माहीत आहेच, पण निदान माझ्या तोंडून ऐकलं असं म्हणू नका.

तुरुंगाचा कारभार सुधारायचा तर आत राहून आलेल्यांनाच विचारावं, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि परभणीहून एक समिती आमच्या वाचनालयात यायची ठरली. येणार एकदाच. माणसं जमवायचं काम माझ्याकडे. मी निवृत्त मास्तर, वाचनालयाचा चिटणीस. दोघं तयार झाले. सखारामभाऊ शिंपी, चौदा महिने आत काढून निर्दोष सुटलेले, आणि दीड वर्ष आत राहून आलेल्या, आता भाजी विकणाऱ्या यमुनाबाई.

आता मास्तर गप्प बसेल का? त्यांच्या वतीनं मीच अकरा सूचना लिहून काढल्या. ग्रंथालय, योगासनं, दर शनिवारी व्याख्यान. व्याख्याता कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल!

"सर, मला एकच सांगायचं होतं," सखारामभाऊ सकाळी म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, सगळं ह्यात आलंय, तुम्ही फक्त मान हलवा." ते बिचारे जाऊन बसले.

शिपाई वामनला मी पेढे आणायला पाथरीला पिटाळलं होतं. मानवतात पेढे मिळत नाहीत का? मिळतात. पण मला पाथरीचेच हवे होते. तोवर भाषणाचा सराव करावा म्हणून अडगळीच्या खोलीत शिरलो आणि कुणी बघू नये म्हणून दार ओढून घेतलं.

खट्!

ते कुलूप दार ओढलं की आपोआप लागतं, आणि आतली मूठ दिवाळीपासून गायब आहे. चावी एकच, ती वामनच्या करदोड्याला. मोबाइल बाहेर टेबलावर. आधी दार वाजवलं, मग लाथाडलं, मग ओरडलो, "दुसरी चावी का नाही ठेवली?"

बाहेरून यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, वामन मागंच म्हणला, तुमीच नको म्हणला होता."

शिस्त म्हणून! खरं सांगतो, घाबरलो होतो. समिती येणार, कागद माझ्या बगलेत, आणि दार कधी उघडेल याचा पत्ता नाही.

तेवढ्यात दाराशी सखारामभाऊ. "सर, वामनला फोन लावला. त्यो पाथरीच्या स्टँडवर हाय. मी हितंच बसलोय." थोड्या वेळानं, "जीप भरायलीय." मग, "निघाली." मग, "पंक्चर झालीय, पण चाक बदलायलेत, दहा मिन्टं धरा." मी विचारायच्या आत खबर येई आणि दर खबरीला माझा जीव भांड्यात पडे.

मधेच समिती आली. दाराला कान लावून मी ऐकतोय. सखारामभाऊ बोलत होते.

"म्याडम, आतल्या माणसाला त्याचं काय चाललंय ते सांगत जा. तारीख पुढं गेली, वकील आला न्हाई, चौदा म्हैने कोणी सांगायचं न्हाई. बाकी सोसता येतं, पण ते न कळणं लय वंगाळ. आमचे सर आत हायेत, त्यांलाच इचारा."

"खरं आहे!" मी आतून ओरडलो. माझ्या अकरांत ही सूचना नव्हती.

वामन आला, दार उघडलं आणि मी सगळ्या समितीदेखत सखारामभाऊंना मिठी मारली. इतकं हलकं तर निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. दोघांनी आपलं म्हणणं आपल्या तोंडानं सांगून टाकलं होतं, याचंही बरं वाटलं. माझा कागद घामानं भिजला होता, पण तो कुणी मागितलाच नाही.

पेढे वाटून झाल्यावर समितीचा तक्ता सहीला आला. नाव, आत किती काळ, सूचना. सखारामभाऊ, चौदा महिने. यमुनाबाई, दीड वर्ष. आणि त्याखाली यमुनाबाईंनी आत असताना गिरवलेल्या टपोऱ्या अक्षरात तिसरं नाव लिहिलं होतं, माझं. आत किती काळ: चाळीस मिनिटं. सूचना: दुसरी चावी ठेवावी.

मी मुकाट्यानं सही केली.