भांडणाचं इंग्रजी

आमचे हेडक्लार्क त्र्यंबकराव म्हणजे देवमाणूस, असं कारखान्यातलं कुणीही सांगायचं. मीही सांगायचो. आता सांगायला जीभ वळत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत टायपिस्ट होतो. मॅनेजर परमुलखातला. आपल्याकडचा गडी नुसतं ‘च्या घेतलास काय रं’ म्हणाला तरी त्याला वाटायचं, आता टाळकी फुटणार. त्यानं फर्मान काढलेलं: कारखान्यातलं प्रत्येक भांडण इंग्रजीत लिहून टेबलावर आलं पाहिजे, आणि मारामारी झाली असेल तर चूक कुणाचीही असो, दोघंही घरी. म्हणजे मार खाणाराही घरी. असला उफराटा न्याय.

लिहायचं काम त्र्यंबकरावांकडं. माणूस कोल्हापूरच्या गंगावेशीतला, इंग्रजीचा भारी शौकीन, टेबलावर कायम जाडजूड डिक्शनरी. मला कौतुकानं समजावून सांगायचे. टिफ म्हणजे नवराबायकोचा रुसवाफुगवा, घटकाभरात मिटणारा. स्पॅटमध्ये चार शब्द इकडून, चार तिकडून. पोरंसोरं क्षुल्लक गोष्टीवरून किचकिच करतात ते स्क्वॉबल. ऑल्टरकेशन म्हटलं की आवाज चढला, आणि स्कफल म्हटलं की धक्काबुक्की झाली. त्याच्यापुढं असॉल्ट, म्हणजे सरळ मारहाण. पण तो शब्द कधी लिहायचा नाही, त्या एका शब्दानं दोन घरच्या चुली विझतात, असं ते बजावायचे.

म्हणून प्रत्येक भांडण ते एकदोन पायऱ्या तरी खाली उतरवायचे. कॉलर धरली की ऑल्टरकेशन, आईबहिणीवरून शिव्या झाल्या की स्पॅट. एकदा फावड्यानं एकाचं डोकं फुटलं, तेसुद्धा त्यांनी स्कफलमध्ये बसवलं. मॅनेजर वाचून खूश, कामगार पाया पडायला तयार. बारा वर्षांत भांडणापायी एकाची नोकरी गेली नाही.

आकाराम हा साच्यांत लोखंड ओतणारा कामगार, वडणग्याचा. ज्ञानू फोरमन त्याच्यावर खार खाऊन होता. का, तर यानं चारचौघांत त्याची चूक दाखवली होती. त्या उन्हाळ्यात ज्ञानूनं त्याला तीनदा मारलं. तिसऱ्यांदा तर पाठीत पहार घातली. तिन्ही वेळा आकाराम आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि खरं लिवा म्हणाला. त्र्यंबकरावांनी त्याला गोडीगुलाबीनं सांगितलं की बाबा रे, खरं लिहिलं तर तूही जाशील. पोरांकडं बघ जरा. आणि तीनदा स्क्वॉबल लिहिलं. टाइप मी केलं.

चौथ्यांदा ज्ञानूनं ढकललं, तेव्हा पुढ्यात वितळलेलं लोखंड होतं. आकारामचा उजवा पाय घोट्यापासून गेला. ज्यांनी बघितलं त्यांची फोरमनपुढं दातखीळ बसली. कंपनी म्हणाली, हा आपल्याच गाफीलपणानं पडला, काढा याला. आकारामचं मागणं एवढंच होतं, की मला ढकललंय, तर निदान गेटवर राखणीला बसवा. चौकशी लागली. निवाडा द्यायला बाहेरचे एक वकील नेमले, आणि सगळं येऊन त्या तीन कागदांवर अडलं: त्यांत मार नव्हताच, नुसती किचकिच होती.

वकिलांनी त्र्यंबकरावांना विचारलं, स्क्वॉबल म्हणजे काय. रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेले. पण बोलले, खोटं कशाला सांगू. ती किचकिच नव्हती, तो मार होता, मी समजून उमजून हलकं लिहिलं, आणि सगळीच भांडणं अशी लिहिली, हे त्यांनी भरल्या खोलीत कबूल केलं.

‘बारा वर्षं खोटं लिहिलंत,’ वकील शांतपणे म्हणाले. ‘मग आजच खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?’

म्हातारा हात जोडून लहान लेकरासारखा रडायला लागला. माझी नोकरी घ्या पण याला ठेवा, म्हणाला. त्याची नोकरी घेतली. आकारामला काही ठेवलं नाही. मी तिथंच खाली मान घालून बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन तोंड उघडलं नाही. आग लागो असल्या शहाणपणाला.

बाहेर गेटाशी आकाराम कुबड्यांवर उभा होता, शेजारी त्याची बायको चिमणाबाई. त्र्यंबकराव तिच्यापुढं गेले आणि सांगायला लागले, की मी त्याची नोकरी राहावी म्हणून तसं लिहिलं गं बाई, देवाशपथ. तिनं शिवी दिली नाही, का आवाज चढवला नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

‘नोकरी ग्येली असती तर ग्येली असती की, राव,’ ती म्हणाली. ‘पाय ऱ्हायला असता.’