दामल्यांचं खातं

पक्षाघातानंतर दामले कामावर परतणार नाहीत हे ठरलं, तेव्हा ऑफिसच्या सर्व्हरवरचं त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. ते पुसता येत नव्हतं. धरणाची पाणीपातळी मोजणारे प्रोग्राम त्यांच्याच नावाने चालतात. मग लॉगिन शेल, म्हणजे आत आलेल्याचे हुकूम ऐकणारा प्रोग्राम, तेवढा काढून मी ‘नोलॉगिन’ लावला. आता आतली कामं चालू राहतील, पण पासवर्ड बरोबर असला तरी कुणालाच आत जाता येणार नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी त्यांना पेज भरवत होत्या. मी नाव सांगितलं. दामल्यांची नजर माझ्यावरून सरकून भिंतीकडे गेली. माणूस समोर असतो, श्वास घेतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट मात्र उरत नाही.

“यांचं खातं आहे ना अजून?” वहिनींनी विचारलं.

“आहे, वहिनी.” याहून जास्त माझ्याने सांगवलं नाही.

त्या दामल्यांच्या कानाशी वाकल्या. “ऐकलंत का? तुमची जागा तशीच ठेवलीय.”

दामल्यांनी तोंड उघडलं. वहिनी क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनी पुढचा चमचा भरवला.