खाली वाकलेले दिवे

त्या शनिवारी मी गाडी अर्ध्या रस्त्यातून मागे फिरवली, आणि त्याबद्दल मी स्वतःला आजही पूर्ण माफ केलेले नाही. फैजपूरहून निघालो तेव्हा थोडेफार दिसत होते. पुढे तापीच्या अलीकडे, केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी रस्त्याला लागतात तिथे, असे धुके उतरले की बॉनेटचे टोकही दिसेना. समोरून एक ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला. मागच्या सीटवर उशांना टेकून बसलेले माझे यजमान म्हणाले, "नको. फिरव गाडी." मी फिरवली. त्या दिवशीचे त्यांचे डायलिसिस चुकले.

डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा जळगाव. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला एकही वेळ चुकवण्याचा पर्याय नसतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. सेंटर रविवारी बंद, सोमवारची सगळी मशिने भरलेली. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी अगदी मोजून द्या आणि मंगळवारी काही झाले तरी या. शनिवारी रात्रीपासूनच त्यांच्या पायांवर सूज चढू लागली. बोटाने दाबले की खळगा तसाच राहायचा.

मी मूळची शिंदखेड्याकडची. धुळ्याची एकवीरा आमच्या माहेरची कुलदेवी. लग्न होऊन फैजपूरला आले तरी तिला सोडले नाही. दरवर्षी चैत्रात जाऊन तिची ओटी भरायची आणि यांच्यासाठी आयुष्य मागायचे. यजमान हसायचे. "तुझी आई धुळ्याची. फैजपुरात तिची हद्द चालते का, ते एकदा विचारून ये," म्हणायचे. माझ्या बोलण्यात माहेरची अहिराणी डोकावली की तिच्याही नकला करायचे. देवळात मात्र माझ्याबरोबर मुकाट्याने यायचे आणि बाहेर माझ्या चपला सांभाळत उभे राहायचे. त्या शनिवारी मी देवीच्या तसबिरीपुढे बसले, पण हात जोडवेनात. एवढी वर्षे मागून काय मिळाले, असे मनात आले. उघड सांगते, राग आला होता.

दुपारी ऊन पडल्यावर त्यांनीच विषय काढला. "गाडीचे फॉग लॅम्प म्हणजे देवघरातल्या समया आहेत. बदलून टाकू." जन्मभर त्यांनी ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिने दुरुस्त केली होती. गॅरेजवाल्याकडे गाडी नेणे त्यांना कमीपणाचे वाटे. बाजारातून नवे एलईडी दिवे, क्लॅम्प आणि वायर मीच आणली. पण हात चालवायचे कोणी? त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने शीर जोडलेली, त्या हाताने जड काही उचलायचे नाही, आणि उजव्यात जोर उरला नव्हता. मग रविवारी सकाळी त्यांची खुर्ची अंगणात ठेवली, अंगावर शाल घातली, आणि मी जुने लुगडे अंथरून गाडीपुढे पालथी पडले.

"आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. दहाचा पाना. तो बाराचा आहे. अगं, डावीकडे फिरव, डावीकडे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गाडी मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकले, तीही त्यांच्याकडूनच, आणि तेव्हापासून त्या दिवसापर्यंत मी गाडी चालवते असे म्हणायला जागा नव्हती. चालवायचे ते, माझे फक्त हातपाय. गिअर बदल, हॉर्न दे, त्याला जाऊ दे. पण त्या सकाळी मला ते बोलणे गोड लागत होते. त्यांचा आवाज दोन शब्दांमागे तुटत होता, तरी डोळ्यांत जुनी चमक आली होती. वायर इंजिनाजवळून नेऊ नको, वितळेल, म्हणाले. प्रत्येक जोड टेपने नीट गुंडाळून घेतला. बंपरखाली क्लॅम्पवर दिवे बसवून मी बटण दाबले आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. दोघेही लहान मुलांसारखे हसलो.

एक चूक तिथे झाली, आणि ती आम्हीच करू शकत होतो. दिवे किती वाकवायचे, हे मी विचारले. नियम त्यांना चांगला ठाऊक होता. फॉग लॅम्प खाली, रस्त्यावर पाडायचे असतात. पण शनिवारच्या ट्रकची त्यांनाही धास्ती बसली होती. "चार बोटे वर घे. आपल्याला लांबचे दिसले पाहिजे," म्हणाले. मीही वर घेतले, कारण मलाही लांबचेच हवे होते. मग दिव्यांना हळदीकुंकू लावले.

मंगळवारी सात वाजले तरी उजाडल्यासारखे वाटत नव्हते. त्यांना आडवे होता येत नव्हते, रात्रभर बसून काढली होती. श्वासाबरोबर छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. गावातून गाडी ठीक निघाली. केळीच्या पट्ट्यात शिरलो आणि धुके आले. मी मोठ्या विश्वासाने नवे दिवे लावले. समोर दुधाची भिंत उभी राहिली. सगळा उजेड उलटून माझ्याच डोळ्यांत आला. बंद केले तर काळपट, लावले तर पांढरे, रस्ता कशातच नाही. मी गाडी कडेला घेतली. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी स्टिअरिंगवर डोके टेकले आणि म्हणाले, आई, धुके काढ. एवढे एक काढ. धुके तसूभरही हलले नाही.

काचेवर टकटक झाली. डोक्यावरून घोंगडी घेतलेला, साठीच्या आसपासचा माणूस. हातात केळीचे घड कापायचा विळा. कापणीच्या टोळीतला असावा. मी काच खाली केली.

"काय व्हयनं अक्का? आठे का बरं थांबनी?"

माझ्या सासरच्या गावात असे कोणी बोलत नाही. इकडची बोली वेगळी. पस्तीस वर्षांत त्या रस्त्यावर मला माझ्या माहेरच्या बोलीत कोणी हाक मारली नव्हती. मला रडूच फुटले. कसेबसे सांगितले की माणूस आजारी आहे, जळगावला न्यायचे आहे, रस्ता दिसत नाही.

तो गाडीपुढे गेला, वाकून पाहिले आणि परत आला. "तुना दिवा वर देखी राहिनात. खाले कराना पडतीन. पाना शे का?"

दहाचा पाना डिकीत होता. त्याने दोन्ही नट सैल केले, दिवे पार खाली वाकवले आणि पुन्हा आवळले. एक क्लॅम्प हलत होता. तर बांधावरून केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचा, तुकडा आणला, घडी घालून फटीत ठोकून बसवला. मग म्हणाला, "मोठा दिवा लावू नको. दूर देखू नको अक्का. जितलं दिखस तितलंच चाल."

मी दिवे लावले. गाडीपुढे आठ-दहा हात काळा रस्ता आणि कडेची पांढरी पट्टी स्वच्छ दिसली. त्यापुढे काही नाही. त्याला हात जोडायला वळले तर तो गेलेला. आता धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा त्यात नवल करण्यासारखे काही नाही. तो कोण होता, मी सांगू शकत नाही. मागून यजमान धापा टाकत म्हणाले, "आली बघ... तुझ्या माहेरची." चेष्टा होती की नव्हती, तेही मला कळले नाही.

पट्टी धरून मी निघाले. वीसच्या वेगाने, कधी त्याहूनही हळू. बराच वेळ गेला आणि माझ्या लक्षात आले की मागून एकही सूचना आलेली नाही. आरशात पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी ओरडून हाक मारली. ते म्हणाले, "आहे मी. डोळे मिटलेत. तू चालव."

तापीचा पूल कधी ओलांडला ते समजले नाही. पुढे मोकळ्यावर ऊन लागले, आणि आम्ही वेळेत पोहोचलो. त्यांना मशिनवर घेतले, दोन तासांत श्वास शांत झाला. मी बाहेर बाकावर बसले होते. ज्या माणसाने सहा वर्षे मला एक गिअर स्वतःच्या मनाने टाकू दिला नाही, त्याने सर्वांत वाईट रस्त्यावर डोळे मिटले होते. आणि मी? मी जन्मभर देवीच्या मागच्या सीटवर बसून सूचना करत आले होते. हा डॉक्टर दे, तो रिपोर्ट चांगला येऊ दे, आता धुके काढ. नवस नवस म्हणत होते ती माझी हुकमांची यादी होती. त्या बाकावर मला फार लाज वाटली, आणि फार दिवसांनी हात आपोआप जुळले. मागायला काही सुचले नाही.

होळी झाली आणि पाडव्याच्या आधी ते गेले. हृदय थकले होते. पुण्याहून मुलगी आली होती, तिने शेवटचे पाणी पाजले. त्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसून होते, आणि यांना राहू दे असे एकदाही म्हटले नाही. आई, तुझ्या हवाली, एवढेच म्हटले. म्हणून दुःख कमी झाले असे कोणी समजू नये. पहाटे जाग येते, बाजूची गादी रिकामी असते, आणि मी तोंडात पदर कोंबून रडते. समर्पण केले की डोळे कोरडे होतात असे ज्यांनी सांगितले, त्यांनी बहुधा कुणाला पोहोचवलेले नसावे. पण त्या मंगळवारने मला त्यांचे जवळजवळ दोन महिने दिले. अंगणात बसून भाजी निवडणारे, माझ्यावर चिडणारे, दुपारी माझा हात हातात घेऊन झोपणारे दोन महिने. ते मी कमावलेले नव्हते.

चैत्रात धुळ्याला गेले. भावजय बरोबर होती. मी पिशवीतून खण-नारळ काढला तशी ती चपापली. ज्याच्यासाठी ओटी भरायची तो माणूसच उरला नाही, आणि विधवा बाईने ती भरावी का, हेही तिच्या चेहऱ्यावर होते. मनाची चांगली आहे ती, हळूच म्हणाली, "अक्का, आते कसासाठे?"

मी तांदूळ ओंजळीत घेतले. म्हणाले, "दिला होता ना, त्यासाठी."