वळणावरचं जर्मन इंजिन

इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत, सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. त्या वर्षी आमचा दसऱ्याचा शनिवार आणि ह्यांच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबच्या रुळांवर गाडी चालवायचा दिवस एकच आला.

आमचे हे नेरळचे. माथेरानची गाडी बघत मोठे झालेले. तिची जुनी वाफेची इंजिनं जर्मनीहून आलेली, बुटकी, पाण्याची टाकी अंगालाच बांधलेली. घाटातली वळणं अशी की साधं इंजिन रुळावरून खालीच यायचं. म्हणून त्या जर्मनांनी टोकाच्या चाकांना जोडणारा कणा, म्हणजे आस, पोकळ केला, आत दुसरा कणा घातला आणि दोघांमध्ये फट ठेवली. वळण आलं की चाकं आपोआप डावी-उजवीकडे सरकतात. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं गेलं. इतरांचे नवरे गजरे आणायचे, आमच्याकडे पोकळ कणा!

रिटायर झाल्यावर ह्यांनी तेच इंजिन गॅरेजमध्ये बनवलं. लहान, पण मागे डबे जोडून माणसं बसवून ओढणारं. कारच्या किमतीचं लोखंड आत, आणि कार बाहेर उन्हात. मी पुष्कळ बडबडले, पण त्या इंजिनावर बसलेला हा माणूस बघितला की माझा राग टिकायचा नाही.

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मुलानं आधी कारची किल्ली काढून घेतली आणि मग इंजिनाकडे मोर्चा वळवला. "बाबा, लहान मुलं बसतात मागे. काही झालं तर?"

"वाफेच्या दांड्यावर हात ठेवला की थरथर थांबते," हे म्हणाले. ते खरं होतं, मी पाहिलेलं होतं. पण मुलगा ऐकेना. शेवटी एवढंच ठरलं की एकदा जरी गडबड झाली तरी इंजिन कायमचं बंद. हे हो म्हणाले. त्या दिवसापासून मी प्रत्येक फेरीला देव पाण्यात घालून बसायची.

तर त्या शनिवारी मुलगा सकाळी लवकरच आमच्याकडे आला. बरोबर सून नाही, फक्त सहा वर्षांची नात. हातात इंडियन स्टोअरमधून आणलेला झेंडूचा भलामोठा हार. "बाबा, पूजा करू या तुमच्या इंजिनाची," म्हणाला. हे बघतच राहिले. महिनाभर दोघांत धड बोलणं नव्हतं. मुलानं स्वतः गंध लावलं, अक्षता वाहिल्या, हार इंजिनाच्या तोंडाला बांधला. नातीनं आपट्याची म्हणून कुठल्यातरी झाडाची पानं आजोबांच्या खिशात कोंबली. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

रुळांवर पोचल्यावर ह्यांनी हाराची गाठ सोडायला घेतली. चालत्या इंजिनाला लोंबतं काही चालत नाही. हात थरथरत होता, ती सुटेना. "थांबा, मी काढतो," म्हणत मुलानं हार ओढला. तो तुटला, फुलं रुळांवर सांडली. मुलानं ती पायानं बाजूला केली आणि नातीला घेऊन पहिल्या डब्यात बसला. मी बाकावर, थर्मास मांडीवर.

पहिलं वळण मोठं, सोपं. त्यावर चाक किंचाळलं. मी ताडकन उठले. हे इंजिन वळणावर कधी आवाज करत नाही, त्याचं सगळं कौतुकच ते आहे. ह्यांनीही मान तिरकी केली. वाफ बंद केली, ब्रेकवर हात गेला. पण पुढचं वळण उतारावर होतं, ओकच्या झाडाशी, सगळ्यांत तीव्र. "आजोबा, फास्टर!" नात ओरडली. थांब बाई, थांब, मी मनात म्हणत होते, इंजिनाला की तिला ते मलाच माहीत नाही.

इंजिन वळलंच नाही. सरळ गेलं, रूळ सोडून गवतात तिरकं झालं. पहिला डबा कलंडला आणि नात दगडावर पडली.

भुवईच्या वर फाटलं होतं. रक्त किती ते! मुलानं तिला उचललं आणि बापाकडे वळून ओरडला, "बघा! बघा तुमचा हात! सांगत होतो मी!" ह्यांचा हात खरंच पानासारखा हलत होता. तो आता हलायला लागला होता, इंजिन चालवताना नाही. पण ते कुणाला सांगणार? मुलगा तिला घेऊन अर्जंट केअरला गेला. टाके पडले, बाकी देवाच्या दयेनं काही नाही. तसा त्याचा फोन आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

हे गवतात बसून इंजिनाखाली हात घालून चाचपत होते. "अहो, उठा, कपडे भिजतायत," मी म्हटलं. त्यांनी हात बाहेर काढला. बोटांत पिवळा प्लॅस्टिकचा दोरा, झेंडूच्या दोन चुरगळल्या पाकळ्यांसकट. हार ओढला तेव्हा तुकडा खालीच राहिला होता. तो कण्याच्या फटीत गुंडाळत गेला आणि चाकं सरकायची थांबली.

"म्हणजे तुमचा हात नव्हताच!" मी पर्स उघडून फोन शोधायला लागले. "आत्ताच्या आत्ता सांगते त्याला. वाट्टेल ते बोलून गेला!"

"फोन ठेव."

"का म्हणून?"

"आपल्याच हातून पोरीला लागलं, हे त्याला आयुष्यभर पुरेल. माझ्या हातून लागलं तर चार दिवसांत विसरेल. म्हातारा आहे, म्हणेल." त्यांनी दोरा खिशात ठेवला, नातीच्या पानांबरोबर. "आणि हार प्रेमानं आणला होता गं त्यानं."

मी इतकी चिडले होते की त्यांच्याशी घरी येईपर्यंत बोलले नाही. पण फोनही केला नाही.

ठरल्याप्रमाणे ह्यांचं इंजिन चालवणं बंद झालं. विकायचं मात्र मुलाच्या जिवावर आलं. उन्हाळ्यात त्यानं स्वतःच ते चालवायला शिकून घेतलं. हे बाजूला उभे राहून सांगायचे, पाणी बघ, वाफ जरा कमी कर. पण प्रत्येक फेरीच्या आधी गुडघे धरत खाली बसायचे आणि थरथरत्या बोटांनी टोकाच्या चाकांची फट चाचपायचे.

"काय शोधता बाबा दर वेळी?" मुलगा हसून विचारायचा.

"काही नाही रे. सवय."

परवा तो नातीला घेऊन ओकच्या वळणावरून अलगद गेला. ती उड्या मारत आमच्या बाकाशी आली, भुवईवरचा पांढरा व्रण उन्हात दिसत होता. "आजोबा, डॅड इज अ बेटर ड्रायव्हर दॅन यू!"

मुलगा ओशाळला. "असं नाही बोलायचं, बेटा."

"अरे, खरंच आहे ते," हे म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला चालवतो."

मुलाचा चेहरा लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा झाला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले. ते केव्हाच बसलं होतं.